भिंतीवरचे चोपन्न किलो

पत्र डॉक्टरांनी उघडंच दिलं. "वाच आणि चुका काढ," म्हणाले, "माझं अक्षर आणि माझं व्याकरण, दोन्ही फक्त जनावरांनाच कळतं." मग ते आतल्या खोलीत एका सशाची नखं कापायला गेले आणि त्यांची मदतनीस औषधांच्या कपाटाला टेकून उभ्या उभ्या वाचायला लागली. पहिली ओळ ठीक होती: सहा वर्षं माझ्या दवाखान्यात मदतनीस आहे. दुसरीही ठीक होती: वेळेला पक्की, हाताला हलकी. तिसऱ्या ओळीपाशी तिचे डोळे अडले, मागे गेले, पुन्हा येऊन तिथेच अडले. चार महिन्यांपूर्वी एका कुत्र्याला भुलीचं औषध सोसलं नाही, तेव्हा ही मुलगी साडेसात तास त्याच्या शेजारी जमिनीवर बसून होती; त्याचा श्वास मंदावतोय हे सर्वांत आधी हिच्या लक्षात आलं, आणि तो कुत्रा आज जिवंत आहे तो हिच्यामुळे. खाली सही, शिक्का, तारीख. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात पशुवैद्यकाच्या चाळीस जागा, त्यांतल्या दोन काम करून आलेल्यांसाठी राखीव, आणि त्या दोन जागांसाठी या एका ओळीइतकं वजनदार दुसरं काही नव्हतं. आतून सशाच्या पायांची धडपड ऐकू येत होती. "काय गं, सापडल्या का?" डॉक्टरांनी विचारलं. "एकही नाही," ती म्हणाली. "मग पत्र दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असणार," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. तिने पत्राची घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली तरी ती बाहेर बघत नव्हती. मांडीवर फाइल, फाइलमध्ये तीन कागद: प्रवेशपरीक्षेचे गुण, आरोग्याचा दाखला आणि हे पत्र. विद्यापीठातली अर्जाची खिडकी चार वाजता बंद व्हायची होती आणि आत्ता कुठे दोन वाजत होते. घाई काहीच नव्हती. पण तिचा उजवा पाय आपोआप हलत होता आणि शेजारच्या बाईने दोनदा त्या पायाकडे बघितलं होतं. तिने पाय दाबून धरला तर बोटं फाइलच्या नाडीशी खेळायला लागली. माणसाचं मन हे असं असतं, की त्याला वकील ठेवावा लागत नाही. ते दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडतं आणि निकालही स्वतःच लांबणीवर टाकतं. ती बसली होती की नाही त्याच्याजवळ साडेसात तास? बसली होती. त्याचा श्वास पहिल्यांदा तिनेच ओळखला होता की नाही? तिनेच. मग पत्रात खोटं काय आहे? एक अक्षरही खोटं नाही. आणि तरी आजवर तिने वाचलेल्या कागदांत इतका खोटा कागद दुसरा नव्हता.

दवाखान्यात वजनाचा मोठा काटा एकच, जमिनीवर ठेवायचा. त्यावर कुत्रं कधी शहाण्यासारखं उभं राहत नाही. चार पायांतला एक तरी खाली असतो आणि आकडा कोंबडीसारखा इकडून तिकडे पळतो. म्हणून सगळे दवाखाने करतात तेच इथेही करत: कुत्र्याला उचलून घ्यायचं, आपणच काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःला वजा करायचं. दरवेळी आधी एकट्याने चढा, मग उतरा, कुत्रं उचला, पुन्हा चढा, एवढा वेळ कोणाला असतो? काट्याच्या वर भिंतीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. डॉक्टर, एक्याऐंशी. त्याखाली ती, चोपन्न. कामाला लागली त्या आठवड्यात तिनेच लिहिलेले चोपन्न. सहा वर्षं ते चोपन्न तिने किती कुत्र्यांतून वजा केले असतील देव जाणे. आपली जन्मतारीख सांगताना माणूस विचार करत नाही, तसंच ते झालं होतं.

मग अभ्यासाचं वर्ष आलं. दिवसभर दवाखाना आणि घरी आल्यावर पुस्तकं. आई न बोलता पुस्तकाशेजारी ताटली ठेवायची, आणि ती डोळे पानावर ठेवून ताटली संपवायची. आई कपड्यांची दुरुस्ती करून घर चालवणारी बाई; लोकांचे कपडे अंगाबरोबर कसे कमीजास्त होतात हे तिच्याइतकं कोणाला माहीत? लेकीचा शर्ट काखेत ओढायला लागलेला तिने नजरेनेच ओळखला आणि एका दुपारी, लेक कामावर असताना, सगळ्या कपड्यांच्या शिवणी उसवून दोन-दोन बोटं सोडून पुन्हा शिवल्या. बोलली नाही. अभ्यास करणाऱ्या पोरीला कशाला दुखवायचं. त्यामुळे कपड्यांनीही तिला काही सांगितलं नाही. नंतर, सगळं कळल्यावर, तिला एकदा आईचाच राग आला होता. तू शिवणी उसवल्या नसत्यास तर, असं काहीतरी जिभेवर आलं होतं, आणि त्या वाक्याची तिला एवढी लाज वाटली की ती जेवण अर्धं टाकून उठली. "पोट बिघडलंय का?" आईने विचारलं. "हो," ती म्हणाली. अशी बारीक बारीक 'हो' गेल्या चार महिन्यांत किती झाली होती.

त्या कुत्र्याचं नाव जावई. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका, बायको गेलेली, मूलबाळ नाही, दुकानाच्या मागेच राहणारे; त्यांनी ते नाव ठेवलं होतं. "येतो, बसतो, सगळ्यात चांगली जागा घेतो, वाढलेलं नाक मुरडून खातो आणि वर रुसतो," ते म्हणायचे, "मुलगी नसताना जावई मिळाला, माझ्यासारखा भाग्यवान मीच." जावयाचा दात मुळापासून तुटला होता आणि तो भूल देऊन काढायचा होता. केसाळ कुत्रा, आत कुत्रा किती आणि केस किती याचा अंदाज येत नव्हता. तिने त्याला उचललं, काट्यावर चढली. पंच्याहत्तर. चोपन्न गेले, राहिले एकवीस. तिने कार्डावर एकवीस लिहिले. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एकवीस? दिसत नाही हो तेवढा. पण सासुरवाडीचं खाणं आहे, दिसणार कुठून." काका हसले. तीही हसली. मग डॉक्टरांनी एकवीस किलोच्या हिशेबाने औषध सुईत ओढलं. भुलीच्या औषधाला विनोद कळत नाही. त्याला फक्त वजन कळतं.

पुढचे साडेसात तास तिला अजूनही अंगाने आठवत होते, डोक्याने नव्हे. फरशीचा गारवा मांडीतून वर चढलेला. हाताखाली जावयाच्या फासळ्या, त्या वर येत, थांबत, आणि ते थांबणं दरवेळी थोडं लांबत. हिरड्या आधी गुलाबी, मग धुतलेल्या फडक्यासारख्या. "डॉक्टर, हा श्वास घेत नाहीये," ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज इतका शांत होता की डॉक्टर आधी वळलेच नाहीत. मग नळी, पिशवी दाबत राहणं, सलाईन, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पोटाशी लावणं. साडेपाचला जावयाने एक पापणी उघडली आणि तिच्या मनगटावर जीभ फिरवली. काका बाहेरच्या बाकावर दिवसभर टोपी हातात घेऊन बसले होते. तिने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा ते तिच्या पाया पडायला वाकले आणि तिने त्यांना मध्येच धरलं. तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. तेव्हाचं तिचं रडणं स्वच्छ होतं.

कळलं बाराव्या दिवशी. प्रवेश-अर्जाला आरोग्याचा दाखला लागतो म्हणून ती माणसांच्या दवाखान्यात गेली, नर्सने तिला काट्यावर उभं केलं आणि मान वर न करता म्हणाली, "साठ." "साठ नाही, चोपन्न," ती म्हणाली. "मी काही भाजी विकत नाहीये, घासाघीस करायला," नर्स म्हणाली. रांगेतले दोघे हसले. ती चपला घालत असताना आतल्या आत ते गणित आपोआप मांडलं गेलं, तिने न मांडता: पंच्याहत्तरातून साठ. पंधरा. पंधरा किलोच्या जिवाला एकवीस किलोचं औषध. चपलेचा पट्टा तिला लावता येईना. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचली, भिंतीवरचे चोपन्न खोडरबराने पुसले आणि साठ लिहिले. डॉक्टरांच्या ते दुपारी लक्षात आलं. "अभ्यास अंगी लागला म्हणायचा," एवढंच म्हणाले. तेव्हा बोलली असती तर दोन वाक्यांचं काम होतं. पण तिने खोडरबराचा कीस फुंकून टाकला आणि पुढचं मांजर आत घेतलं.

गोष्ट तिथेच संपली असती तर तिने कदाचित निभावून नेलं असतं. चुकलं, देवाने वाचवलं, पुन्हा असं करणार नाही. पण न बोललेली गोष्ट बसून राहत नाही, कामाला लागते. डॉक्टरांनी जावयाच्या कार्डावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं: याला भूल सोसत नाही, पुन्हा देऊ नये. आणि तीन आठवड्यांपूर्वी काका जावयाला घेऊन आले ते त्याच्या पोटाखालची गाठ दाखवायला. तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती; परवा आले तेव्हा लिंबाएवढी. कापायला हवी, हे डॉक्टरही म्हणाले, काकाही म्हणाले. पण डॉक्टरांनी लाल ओळीवर बोट ठेवलं. "गाठीने जाईल तेव्हा जाईल," ते म्हणाले, "टेबलावर माझ्या हाताने नको."  काकांनी जावयाला खाली न ठेवता तसंच उचलून नेलं, जसं लहान मूल नेतात. ती दार धरून उभी होती. जाताना ते तिला म्हणाले, "तुझा हात लागला म्हणून एवढे दिवस मिळाले, बाई." गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हापासूनच तिला घास उतरत नव्हता आणि आईने पुन्हा शिवणी आत घ्यायला सुरुवात केली होती.

बस विद्यापीठापाशी थांबली. लांब, उंच दगडी इमारत, आत गार व्हरांडा, भिंतींवर घोड्यांच्या आणि गाईंच्या सांगाड्यांची चित्रं. या व्हरांड्याची तिने सहा वर्षं स्वप्नं बघितली होती, आणि आता तो पायाखाली होता तर तिला फक्त आपल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. रांगेत सतरा-अठरा वर्षांची मुलं, प्रत्येकाबरोबर बाप नाहीतर आई. पुढच्या एका बापाने मागे वळून विचारलं, "तुमचा भाऊ की बहीण?" "मीच," ती म्हणाली. "अस्सं," तो म्हणाला आणि आपल्या मुलीला कोपराने डिवचून हळूच म्हणाला, "बघ, जिद्द असावी तर अशी." ती ऐकू न आल्यासारखं करून समोरच्या सांगाड्याच्या फासळ्या मोजायला लागली. मनातला वकील पुन्हा उभा राहिला. आज पत्र दे, उद्या डॉक्टरांना सांग. कुत्र्याचं काम होईल, तुझंही होईल. साप मरेल, काठी मोडणार नाही. किती सरळ होतं. आणि इतकं सरळ होतं म्हणूनच तिला ते पुरतं उमगलं: आज पत्र दिलं की उद्या सांगणं कधी येणार नाही. उद्या म्हणेल यादी लागू दे. यादी लागली की म्हणेल पहिलं वर्ष होऊ दे. आणि तोवर जावयाची गाठ लिंबाएवढी थांबणार नव्हती. सत्तावीस वर्षांत ती स्वतःला एवढी तरी ओळखून होती. पण पत्र नाही दिलं तर? पुढच्या वर्षी तिचं वय या राखीव जागांच्या बाहेर जात होतं. पुढचं वर्ष नव्हतंच. रांग सरकली. तीही सरकली. 

खिडकीतल्या बाई नाकावरून चष्मा खाली घेऊन कागद बघत होत्या. "गुणपत्रक आहे. दाखला आहे. शिफारसपत्र?" फाइल तिच्या हातात होती. पत्राचं टोक तिच्या अंगठ्याला लागत होतं. "नाही," ती म्हणाली. "नाही म्हणजे? घरी राहिलं?" "नाही. नाहीये." बाईंनी चष्मा वर घेतला. "हे बघ, शिफारसपत्राशिवाय अर्ज अपुरा धरतात. तशी नोंद करून घेते मी. शनिवारी दुपारपर्यंत आणून दिलंस तर जोडेन, नाही आणलंस तर तुझं तू बघ. एवढी शिकलेली माणसं आणि तीन कागद धड आणता येत नाहीत." त्यांनी लाल पेनने काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली. मागे उभा असलेला एक बाप हळहळला, "अरेरे, पत्रच विसरल्या." तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. हसूही आलं थोडं, का ते तिलाच कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये आईचा फोन आला. "दिलास अर्ज?" "दिला." "मग आवाज असा का?" "बसमध्ये आहे, आई." "बस काय मला माहीत नाही का? बसचा आवाज वेगळा आणि तुझा वेगळा."  मागे शिलाई मशीनचं चाक फिरत होतं. "बरं," आई म्हणाली, "जे असेल ते तोंडाने बोलून टाक. पोटात ठेवायला पोट काही कपाट नाही." आईला काही माहीत नव्हतं, पण आईला सगळंच माहीत असल्यासारखं बोलायची सवय होती.

दवाखान्यात शेवटचा पोपट जाऊन खोली रिकामी झाली होती. डॉक्टर हात धूत होते. डाव्या अंगठ्यावर अजून पट्टी होती. मागच्या आठवड्यात टाके घालताना एक मांजर टेबलावरच जागं झालं आणि चावलं होतं. जावयानंतर डॉक्टर सगळ्यांनाच औषध हात राखून देत होते. तिला ते माहीत होतं. ते रोज समोर दिसत होतं. "दिलं का पत्र?" त्यांनी न वळता विचारलं. तिने वाटेत चार-पाच सुरुवाती तयार केल्या होत्या, सौम्य, पायरीपायरीने जाणाऱ्या. त्यांतली एकही आली नाही. "जावई पंधरा किलोचा होता," ती म्हणाली. "मी एकवीस लिहिले. माझं वजन साठ झालं होतं आणि मी चोपन्न वजा केले. मला बाराव्या दिवशी कळलं. मी भिंतीवरचं पुसलं आणि बोलले नाही."

नळ चालूच होता. डॉक्टरांनी तो बंद केला नाही. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "पंधरा." "हो." "म्हणजे औषधाने काही केलं नाही. कुत्र्यानेही नाही." "नाही." "मी औषधाची कंपनी बदलली. दोन वेळा डोळे तपासून आलो, आकडे चुकीचे दिसतात का म्हणून. हात थरथरतात का ते बघायला आरशासमोर सुई धरून उभा राहतो, घरी, दार लावून." ते हे इतक्या हळू आवाजात बोलत होते की नळाच्या आवाजातून तिला शब्द वेचावे लागत होते. "बायकोला सांगितलं होतं, वर्षअखेरीला ऑपरेशनं बंद करतो. आता वय झालं." तिला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्यापुढे उभं राहता येतं. "चूक माझ्याकडूनही झाली असती," ते म्हणाले, "उद्या होईलही. पण तू मला चार महिने माझ्याच हातांवर सोडलंस गं." तिने फाइलमधून पत्र काढून टेबलावर ठेवलं. "दिलं नाही मी हे." त्यांनी पत्राकडे बघितलं, उचललं नाही. "शनिवारपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वाटलं की हे म्हणायला नको होतं. "दुसरं लिहीन की नाही ते मला आज माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्याही विचारू नकोस. मी आपणहून सांगेन."

मग त्यांनी नळ बंद केला, हात कोरडे केले आणि कपाटातून जावयाचं कार्ड काढलं. लाल ओळीवर आडवी रेघ मारली, बाजूला पंधरा लिहून आजची तारीख घातली. फोन उचलला. "मी बोलतोय," ते म्हणाले. "उद्या सकाळी घेऊन या जावयाला, उपाशी पोटी, पाणीसुद्धा नको. गाठ काढून टाकू." पलीकडून काका काहीतरी बोलत राहिले, डॉक्टर ऐकत होते. "नाही, तसं होणार नाही. भूल सोसते त्याला. मागच्या वेळी चूक झाली होती, वजनात." पुन्हा थांबले. पलीकडचा प्रश्न तिला ऐकू आला नाही, पण कळला. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत दया नव्हती, आणि त्याचंच तिला बरं वाटलं. त्यांनी फोन तिच्यासमोर धरला.

"काका," ती म्हणाली, "चूक माझी होती."

पलीकडे दुकानातली घड्याळं एकमेकांना न जुमानता चालत होती, कोणी पुढे, कोणी मागे. जावई एकदा खोकल्यासारखा भुंकला. काकांचा श्वास ऐकू येत होता, फासळ्यांवर हात ठेवला की लागतो तसा. आत जाणारा, थांबणारा. ती ते थांबणं मोजत राहिली. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"थांब, दुकानाचं दार लावून घेतो," काका म्हणाले, आणि परत आल्यावर म्हणाले, "हं. आता सांग. पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस."

डॉक्टरांनी पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती उभीच राहिली, आणि सांगायला लागली.